माशाच्या रक्ताची स्लाइड: सुईपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

माणसाच्या रक्ताचे स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) करून हात बसलेला माणूससुद्धा माशाच्या रक्ताकडे वळला की सुरुवातीच्या स्लाइड हमखास बिघडवतो. कृती तीच, रंग तेच, पण माशाचे रक्त वेगळ्या स्वभावाचे असते. ते फार लवकर गोठते. पाण्याचा थेंब लागला की पेशी फुटतात. शिवाय माशाच्या तांबड्या पेशीतही केंद्रक असते. माणसाच्या तांबड्या पेशीत ते नसते, म्हणून रुग्णालयातली पेशी मोजणारी यंत्रे माशाच्या रक्तापुढे गोंधळतात आणि तांबड्या पेशींनाही पांढऱ्या समजून मोजतात. त्यामुळे माशाच्या बाबतीत स्लाइड करून डोळ्याने पाहण्याला आजही पर्याय नाही.

नवशिके सगळा जीव रंगावर लावतात: कोणता स्टेन, किती मिनिटे, कोणत्या कंपनीचा. माझे मत असे की सुई टोचल्यापासून स्लाइड मिथेनॉलमध्ये जाईपर्यंतच्या काही मिनिटांत निकाल बहुतेक लागलेला असतो. नीट वाळलेला, पातळ स्मिअर गिम्सा या साध्या, नेहमीच्या रंगातही छान दिसतो आणि ओलसर राहून बिघडलेला स्मिअर कुठल्याच रंगाने सुधारत नाही. म्हणून खाली रंगाइतकीच जागा त्याच्या आधीच्या कामांना दिली आहे. हे सगळे हाडे असलेल्या, म्हणजे रोहू, कटला, तिलापिया, ट्राउट, झेब्राफिश यांसारख्या माशांसाठी आहे. शार्क आणि रे यांच्या रक्तातल्या क्षारांचे प्रमाण वेगळे असते, त्यांच्यासाठी पातळ करण्याची द्रावणे बदलावी लागतात.

लागणारे साहित्य

सगळे आधी टेबलावर मांडून ठेवा. मासा हातात असताना स्लाइडचे खोके शोधायला लागलात तर ते रक्त गेलेच म्हणून समजा.

- एका टोकाला खरबरीत पट्टा असलेल्या स्वच्छ काचेच्या स्लाइड. एका माशामागे किमान चार
- ओढण्यासाठी वेगळी स्लाइड, जिची कड गुळगुळीत आहे आणि कोपरे झिजलेले नाहीत
- १ मि.ली.ची सिरिंज आणि २३ ते २६ गेजच्या सुया. लहान माशांसाठी हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) लावलेल्या केशनळ्या
- भुलेचे औषध, सोडियम बायकार्बोनेट, हवा सोडणारा पंप, दोन बादल्या
- कोरडे कापसाचे बोळे, टिश्यू पेपर, ओले फडके
- शुद्ध मिथेनॉल, घट्ट झाकणाच्या बरणीत
- गिम्साचे मूळ द्रावण, फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण), गाळणकागद, स्लाइड उभ्या राहतील अशी रंगाची बरणी
- लेड पेन्सिल, वही, घड्याळ
- हातमोजे, सुया टाकायचा कडक डबा
- १०० पट ऑइल इमर्शन भिंग असलेला सूक्ष्मदर्शक आणि इमर्शन ऑइल

पेन्सिलीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. मार्करने लिहिलेले नाव मिथेनॉलमध्ये धुऊन जाते आणि मग एकसारख्या दिसणाऱ्या अनामिक स्लाइडची रांग समोर उरते. ज्या बाजूला स्मिअर त्याच बाजूला पेन्सिलीने लिहा, म्हणजे रंगवताना स्मिअरची बाजू कोणती हेही कळते.

पायरी १: परवानगी आणि आदल्या दिवसाची तयारी

मासा हा पृष्ठवंशी प्राणी आहे. संस्थेत काम करत असाल तर प्राण्यांवरील प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीकडून आधी लेखी परवानगी घ्या. रक्त किती काढणार, भूल कोणती देणार, नंतर माशाचे काय करणार हे अर्जात लिहावे लागते. काम झाल्यावर परवानगी मागता येत नाही आणि प्रबंध लिहिताना हीच गोष्ट नडते.

रक्त काढायच्या आधी २४ तास माशांना खाद्य देऊ नका. पोट भरलेल्या माशाच्या रक्तात मेद असतो. त्याने स्मिअरवर गोल भोके दिसतात, आणि भुलेत मासा उलटी करून पाणी घाण करतो ते वेगळेच.

स्लाइड नव्या खोक्यातल्या असल्या तरी त्यांवर तेलकट पातळ थर असतो. अल्कोहोलमध्ये बुडवून, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून घ्या. नंतर त्या फक्त कडांनी धरा. बोटाचा ठसा पडला की तेवढ्या जागी रक्त पसरत नाही.

पायरी २: मासा पकडणे आणि भूल देणे

टाकीत जाळे घेऊन पाच मिनिटे एकाच माशामागे धावलात तर तुम्ही मोजणार ते त्या धावपळीचे रक्त. घाबरलेल्या माशाची प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. काही मिनिटांत पेशींची संख्या वाढलेली दिसते. ताण काही तास राहिला तर पांढऱ्या पेशींपैकी लसिका पेशी कमी आणि न्यूट्रोफिल जास्त असे चित्र तयार होते. म्हणून एका टाकीतले मासे लवकर, शांतपणे काढा आणि पहिला मासा कोणता, शेवटचा कोणता हे लिहून ठेवा.

भुलेसाठी एमएस-२२२ सर्वात प्रचलित आहे. बऱ्याच माशांना लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास पुरते. जात, आकार आणि पाण्याचे तापमान पाहून कमी-जास्त करावे लागते. हे औषध पाणी आम्ल करते, म्हणून त्याच्या वजनाइतके किंवा दुप्पट सोडियम बायकार्बोनेट घालायचे. हे विसरले की मासा तडफडतो आणि ताण टाळण्याचा सगळा हेतू फसतो. लवंग तेल वापरणार असाल तर ते पाण्यात विरघळत नाही, वर तरंगत राहते. आधी इथेनॉलमध्ये, एकास नऊ या प्रमाणात मिसळून मग पाण्यात घाला.

मासा कलंडला, शेपटीजवळ चिमटा काढला तरी हलला नाही, पण कल्ल्यांची झाकणे अजून संथपणे हलत आहेत, ही योग्य वेळ. झाकणे थांबली तर लगेच स्वच्छ, हवा सोडलेल्या पाण्यात हलवा.

पायरी ३: रक्त काढणे

मासा ओल्या फडक्यावर ठेवा, पण सुई टोचायची जागा कोरड्या बोळ्याने नीट पुसून घ्या. पाणी आणि अंगावरचा चिकट स्राव दोन्ही रक्तात मिसळता कामा नयेत. पाण्याने पेशी फुटतात आणि स्रावाने रक्त अधिकच लवकर गोठते.

सर्वात सोयीची जागा शेपटीतली शीर. मासा उताणा धरा. गुदपराच्या मागे, पोटाकडच्या मध्यरेषेवर खवल्यांच्या फटीतून सुई आत घाला आणि मणक्याला टेकेपर्यंत सरळ पुढे न्या. टेकल्याचे बोटांना कळते. तिथून अगदी केसभर मागे घ्या आणि दट्ट्या हलकेच ओढा. रक्त सुईच्या मुळाशी दिसू लागले की हात तिथेच स्थिर ठेवा. आले नाही तर सुई आतल्या आत फिरवून शोधू नका. बाहेर काढा, नवी सुई घ्या, थोडे पुढे किंवा मागे टोचा. एकाच जागी खोदत राहिल्याने ऊतकातला द्रव मिसळतो आणि सिरिंजमध्येच गाठ होते.

दट्ट्या जोरात ओढायचा मोह होतो, तो आवरा. निर्वातामुळे शीर चिकटून बंद होते आणि जे रक्त येते त्यातल्या पेशी फुटलेल्या असतात.

हाडे असलेल्या माशात रक्त शरीराच्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के असते. स्मिअरसाठी काही थेंब पुरतात, त्यामुळे जिवंत सोडायच्या माशातून गरजेपेक्षा जास्त ओढायचे कारणच नाही. सुई काढल्यावर त्या जागी बोळा दाबून धरा आणि मासा वाहत्या, हवा सोडलेल्या पाण्यात ठेवून सावध होईपर्यंत पाहा.

झेब्राफिशसारख्या लहान माशात शिरेत सुई घालणे अवघड. तिथे बहुधा भुलेचा जास्त डोस देऊन मासा मारतात, अंग पुसतात, शेपटीचा देठ धारदार पात्याने कापतात आणि केशनळीने रक्त उचलतात. पहिला थेंब टिश्यूने टिपून टाका, त्यात ऊतकद्रव असतो. पुढचा घ्या.

सुई वापरून झाली की तिचे टोपण परत लावू नका. माशांमध्ये असणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू जखमेतून माणसाच्या त्वचेत जातो आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. हातमोजे त्यासाठीच.

पायरी ४: गोठू न देणारे औषध लावावे का?

फक्त स्मिअर करायचा असेल तर लावू नका. सुईतून आलेला ताजा थेंब थेट स्लाइडवर, यासारखे दुसरे काही नाही. पेशी जशा शरीरात होत्या तशा दिसतात. अट एकच: हात चालला पाहिजे. आधी सुई काढून टाका, मग सिरिंजमधून थेंब सोडा. बारीक सुईतून रक्त जोराने ढकलले की पेशी फुटतात.

पेशींची मोजणी, हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) हेही करायचे असेल तर मात्र रक्त नळीत ठेवावे लागते, आणि तिथे गोठू न देणाऱ्या औषधाची निवड करावी लागते. ईडीटीए माणसाच्या रक्ताला उत्तम, पण कार्पसारख्या काही माशांच्या तांबड्या पेशी त्यात फुटतात. वरचा द्रव लालसर दिसला तर समजा. हेपारिन बहुतेक माशांना चालते. त्याचा दोष असा की रंगवल्यावर स्लाइडची पार्श्वभूमी निळसर होते आणि रक्त तासाभराहून जास्त ठेवले तर पांढऱ्या पेशी आणि थ्रोम्बोसाइट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांचे पुंजके होतात. मी दोन्ही करते: पहिल्या थेंबाचे दोन स्मिअर थेट, आणि उरलेले रक्त हेपारिनच्या नळीत. सिरिंज हेपारिनने आतून ओली करून सगळे द्रावण बाहेर ढकला. नळीत साचलेले जादा हेपारिन रक्त पातळ करते आणि आकडे खाली येतात. नळी हलक्या हाताने उलटसुलट करायची, खुळखुळवायची नाही, आणि बर्फावर ठेवताना बर्फाला थेट चिकटू द्यायची नाही.

पायरी ५: स्मिअर ओढणे

स्लाइड सपाट ठेवा. खरबरीत पट्ट्यापासून साधारण एक सेंटिमीटरवर थेंब टाका, २ ते ३ मिलिमीटर रुंदीचा. नवशिके सगळे जास्तच रक्त घेतात. मोठ्या थेंबाचा स्मिअर स्लाइडच्या शेवटापर्यंत जाड येतो, वाळायला वेळ लावतो आणि पेशी एकीवर एक चढतात.

ओढायची स्लाइड थेंबाच्या पुढे, ३० ते ४५ अंशांच्या कोनात टेकवा आणि मागे सरकवत थेंबापर्यंत आणा. स्पर्श होताच रक्त त्या कडेने दोन्ही बाजूंना धावते. ते जवळपास पूर्ण रुंदीभर पसरेपर्यंत डोळ्यांनी पाहा, हे क्षणभराचेच काम, आणि मग एका दमात, न थांबता, न दाबता पुढे ढकला. रक्त स्लाइडच्या मागून ओढले जाते, पुढे ढकलले जात नाही. पुढे ढकलले की पेशी चिरडतात.

कोन वाढवला तर स्मिअर जाड आणि आखूड येतो, कमी केला तर पातळ आणि लांब. अशक्त माशाचे रक्त पाण्यासारखे पातळ असते, त्याला कोन थोडा जास्त ठेवा. रक्त दाट असेल तर कमी.

चांगल्या स्मिअरचे टोक जिभेसारखे निमुळते येते आणि कडेपासून सुटे राहते. प्रकाशात तिरपे धरले की त्या टोकापाशी साबणाच्या फेसावर दिसतात तसे रंग चमकतात. पेशी एका थरात पसरल्याची ती खूण, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आपल्याला त्याच्या जरा अलीकडचाच भाग पाहायचा असतो. टोकाला केरसुणीसारखे फराटे आले तर ओढायच्या स्लाइडची कड खराब आहे किंवा रक्त गोठायला लागले आहे. बारीक धाग्यासारखी गाठ ओढताना दिसली तर तो स्मिअर ठेवूच नका.

प्रत्येक स्मिअरनंतर ओढायची स्लाइड पुसा किंवा बदला. एका माशाच्या पेशी दुसऱ्याच्या स्लाइडवर जायला एवढी एकच चूक पुरते.

पायरी ६: वाळवणे

या पायरीला कोणी नाव देत नाही, पण मी ती वेगळी ठेवली आहे. ओला स्मिअर जितका सावकाश वाळेल तितके पेशींतले पाणी हळूहळू जाते, क्षार दाट होतात आणि पेशी आकसतात. परिणाम: केंद्रकाभोवती चमकदार पोकळ्या, कडा दातेरी, पेशीद्रवात खोटे ठिपके. हेच ठिपके कधी रक्तातले परजीवी म्हणून नोंदवले जातात.

ओढून झाल्याबरोबर स्लाइड हवेत हलवा किंवा लहान पंख्यासमोर धरा. अर्ध्या-एक मिनिटात वाळली पाहिजे. दमट हवेत हे जमत नाही. तिथे पंखा सोडून बसूच नये. केस वाळवायचे यंत्र थंड हवेवर चालते, गरम हवेवर नाही, गरम पट्टीवर तर मुळीच नाही. फुंकर मारू नका, श्वासात बाष्प असते.

पायरी ७: मिथेनॉलमध्ये स्थिर करणे

वाळल्यानंतर शक्यतो तासाभरात स्लाइड शुद्ध मिथेनॉलमध्ये ३ ते ५ मिनिटे बुडवा, बाहेर काढून उभ्या वाळवा. यानंतर त्या काही दिवस थांबू शकतात. न बुडवता ठेवलेल्या स्मिअरमधला प्लाझ्मा जुना होतो आणि रंगवल्यावर सगळीकडे निळा पडदा येतो. प्रवासात असाल तर मिथेनॉलची छोटी बरणी बरोबर न्या.

दोन सापळे. मिथेनॉल हवेतले पाणी शोषते. बरणी वारंवार उघडी राहिली की त्यातले पाणी वाढते आणि तांबड्या पेशींवर गोल, धारदार, चमकणारी भोके दिसू लागतात. दमट दिवसात मिथेनॉल रोज नवे घ्या, बरणीचे झाकण लगेच लावा.

दुसरा सापळा मत्स्यशास्त्राच्या प्रयोगशाळेला खास जवळचा: फॉर्मलिन. कल्ले, यकृत वगैरे जतन करायला त्याच टेबलावर फॉर्मलिनची बरणी उघडी असते. मिथेनॉलमध्ये जाण्याआधी स्मिअरला त्याच्या वाफा लागल्या तर रंग नीट चढत नाही, सगळी स्लाइड हिरवट-निळी येते. रक्ताचे आणि फॉर्मलिनचे काम वेगवेगळ्या खोल्यांत करा. खोली एकच असेल तर आधी सगळ्या स्लाइड मिथेनॉलमधून काढा, मग फॉर्मलिन उघडा.

मिथेनॉल विषारी आहे आणि चटकन पेट घेते. खिडकी उघडी, ज्योत दूर.

पायरी ८: रंगवणे

इथे वापरले जाणारे सगळे रंग रोमानोव्स्की घराण्यातले: एओसिन आम्ल, मिथिलीन ब्लू आणि त्याचे अझूर अल्कधर्मी. १८९१ साली दिमित्री रोमानोव्स्कीने या दोन्हींच्या मिश्रणातून केंद्रकाला येणारा जांभळा रंग दाखवला, १९०४ मध्ये गुस्ताव गिम्साने ग्लिसरीन आणि मिथेनॉल घालून तो टिकाऊ केला. लिशमन, राइट, मे-ग्रुन्वाल्ड ही सगळी त्याचीच भावंडे.

सुरुवात गिम्सापासून करा.

बफर: एक लिटर पाण्यात ९.०८ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट हे एक द्रावण, एक लिटर पाण्यात ९.४७ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट हे दुसरे. दोन्ही जवळपास समान मिसळली की पीएच ६.८ येतो. मीटरवर तपासून घ्या. परजीवी शोधायचे असतील तर ७.२ चांगला, तिथे दुसरे द्रावण वाढवावे लागते.

रंग: मूळ गिम्सा एक भाग, बफर नऊ भाग. मिसळण्याआधी मूळ गिम्सा गाळून घ्या. मूळ बाटलीत कोरडेच पिपेट घाला. पाण्याचा एक थेंबही गेला की बाटली हळूहळू नासते. तयार मिश्रण त्याच दिवशी, शक्यतो पहिल्या काही तासांत वापरा.

कृती: स्लाइड उभ्या बरणीत २० ते ३० मिनिटे. नव्या बाटलीचा पहिला वापर असेल तर एकाच माशाच्या तीन स्लाइड १५, २५ आणि ३५ मिनिटांवर काढून पाहा आणि जी आवडेल ती वेळ बाटलीवर लिहून ठेवा. पुस्तकातल्या मिनिटांपेक्षा हा आकडा अधिक भरवशाचा.

धुणे: बरणीतल्या रंगावर जांभळट-सोनेरी तवंग येतो. स्लाइड त्यातून वर ओढली की तो तवंग स्मिअरवर चिकटतो. म्हणून आधी बरणीत बफर ओतून तवंग वाहू द्या, मग स्लाइड काढा, बफरने हलकेच खळाळा आणि उभी वाळवा. पुसू नका, टिपू नका.

पांढऱ्या पेशींतले कण अधिक स्पष्ट हवे असतील तर मे-ग्रुन्वाल्ड आणि गिम्सा यांची जोडी वापरा: मे-ग्रुन्वाल्ड ३ ते ५ मिनिटे, तेवढ्याच बफरबरोबर आणखी काही मिनिटे, मग पातळ गिम्सा १५ ते २० मिनिटे. लिशमनमध्ये मिथेनॉल असतेच, त्यामुळे आधी वेगळे स्थिर करायची गरज नाही: स्मिअरवर रंग दोन मिनिटे, त्यावर दुप्पट बफर, मिसळून ८ ते १० मिनिटे, धुणे. तीन बरण्यांचे झटपट किट क्षेत्रावर आजार आहे का एवढेच बघायला ठीक. बारीक वर्गीकरणासाठी मी ते घेत नाही, कणांचे रंग त्यात फिके पडतात.

पायरी ९: काय दिसते आणि काय फसवते

आधी १० पटीने सगळी स्लाइड फिरून बघा, मग ४० पटीने योग्य जागा शोधा, शेवटी तेलाचा थेंब टाकून १०० पटीवर जा. पेशी सुट्या आहेत, एकमेकींना जेमतेम टेकतात, ती जागा.

*तांबड्या पेशी:* लंबगोल, गुलाबी-पिवळसर, मध्यभागी लंबगोल गडद जांभळे केंद्रक. मधूनमधून गोलसर, निळसर पेशीद्रवाच्या, केंद्रक मोठे असलेल्या पेशी दिसतील. त्या अपक्व तांबड्या. माशात त्या वाहत्या रक्तातच पक्व होतात, म्हणून थोड्या दिसणे स्वाभाविक. फार असतील तर रक्तक्षयातून सावरण्याची खूण. जाता जाता एक नवल: अंटार्क्टिक समुद्रातल्या आइसफिश कुळातल्या प्रौढ माशांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसते, रक्त जवळपास रंगहीन दिसते.

*थ्रोम्बोसाइट आणि लसिका पेशी:* इथे सगळे अडखळतात. माशातल्या थ्रोम्बोसाइटला केंद्रक असते. लांबट, चातीच्या आकाराची असली की ओळखू येते, पण ती गोलही होते आणि तेव्हा छोट्या लसिका पेशीसारखी दिसते. भेद पेशीद्रवावर करा. लसिका पेशीच्या केंद्रकाभोवती पातळ पण निळी कड असते, कधी तिला बाहेर आलेली छोटी टोके असतात. थ्रोम्बोसाइटचे पेशीद्रव स्वच्छ, जवळजवळ रंगहीन. केंद्रक अधिक घट्ट, आणि तीन-चार जणी एकत्र बसलेल्या. शंका असेल तर आजूबाजूच्या पुंजक्यात त्यांच्या बहिणी आहेत का ते पाहा.

*न्यूट्रोफिल:* पेशीद्रव फिकट राखी, कण अगदी बारीक, केंद्रक एका बाजूला सरकलेले, मूत्रपिंडाच्या आकाराचे किंवा दोन-तीन खंडांचे. माणसाच्या न्यूट्रोफिलसारखे चार-पाच खंड शोधत बसू नका. *मोनोसाइट* मोठी, राखी-निळी, आत पोकळ्या. इओसिनोफिल आणि बेसोफिल अनेक जातींत क्वचितच भेटतात. दिसली नाहीत म्हणून स्लाइड वाईट ठरत नाही.

पांढऱ्या पेशी मोठ्या असल्याने स्मिअरच्या कडांना आणि टोकाला जास्त ढकलल्या जातात. म्हणून फक्त मध्यातून सरळ रेषेत मोजू नका. कडेपासून मध्याकडे, पुन्हा कडेकडे असे नागमोडी फिरा. १०० ते २०० पांढऱ्या पेशी मोजा, थ्रोम्बोसाइट वेगळ्या नोंदवा आणि वहीत तसे लिहा. दोन अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत त्याचे कारण बहुतेकदा हेच असते: एकाने त्या धरल्या, दुसऱ्याने वगळल्या.

प्रदूषणाच्या अभ्यासासाठी तांबड्या पेशीतली सूक्ष्मकेंद्रके (मुख्य केंद्रकाबाहेर दिसणारी छोटी केंद्रके) मोजणार असाल तर नियम आधीच ठरवा. सूक्ष्मकेंद्रक मुख्य केंद्रकाच्या एक तृतीयांशाहून लहान, त्याला न जोडलेले, त्याच रंगाचे आणि त्याच प्रतलात स्पष्ट होणारे असावे. रंगाचा कण पेशीच्या वर बसलेला असतो. बारीक फोकस फिरवला की तो पेशीच्या आधी किंवा नंतर ठळक होतो आणि चमकतो. हा फोकसचा खेळ हाताला बसेपर्यंत मोजणी सुरूच करू नका. स्लाइड कोणत्या गटातल्या माशाची हे मोजणाऱ्याला माहीत नसावे. दुसऱ्या कोणाकडून नावांवर कागद चिकटवून घ्या.

बिघाड ओळखण्याचा तक्ता

| स्लाइडवर दिसते ते | बहुधा कारण | उपाय |
|---|---|---|
| सगळे फार निळे | बफर अल्कधर्मी, स्मिअर जाड, रंग जास्त वेळ, जुना प्लाझ्मा | पीएच तपासा, वेळ कमी करा |
| सगळे फार लाल, केंद्रके फिकट | बफर आम्ल, धुणे जास्त | बफर नवा, धुणे थोडके |
| हिरवट-निळा पडदा | फॉर्मलिनच्या वाफा | स्लाइड टाका, नवी करा |
| गोल चमकदार भोके | मिथेनॉलमध्ये पाणी किंवा सावकाश वाळणे | मिथेनॉल बदला, पंखा लावा |
| गडद जांभळे कण सगळीकडे | न गाळलेला रंग, तवंग चिकटला | गाळा, धुण्याची पद्धत बदला |
| फुटकी, पसरट केंद्रके | ओढताना दाब, रक्त जोराने ढकलले | हात हलका, सुई काढून थेंब सोडा |

फिकी पडलेली स्लाइड पुन्हा ताज्या रंगात काही मिनिटे ठेवता येते. फार गडद झाली असेल तर मिथेनॉलमध्ये क्षणभर बुडवून, धुऊन बघा. वाळताना बिघडलेली मात्र परत येत नाही.

पायरी १०: जपून ठेवणे

रंगवलेली स्लाइड पूर्ण कोरडी झाल्यावर डीपीएक्स (काचपट्टी चिकटवणारे पारदर्शक द्रव्य) टाकून त्यावर काचपट्टी ठेवा. आधीच तेल लावून पाहिली असेल तर काचपट्टीआधी ते झायलिनने काढा. स्लाइड पेटीत अंधारात ठेवा, उजेडात निळा रंग उडतो. न रंगवलेल्या स्लाइड थंड ठेवल्या असतील तर पेटी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, बाष्प धरते.

वहीत प्रत्येक स्लाइडपुढे माशाची जात, लांबी आणि वजन, पाण्याचे तापमान, भूल कोणती आणि किती, रक्त काढल्याची वेळ, हेपारिन होते की थेट थेंब, रंगाच्या बाटलीची तारीख आणि किती मिनिटे हे लिहा. स्लाइडवर पेन्सिलीने तोच क्रमांक, आणि पेटीच्या झाकणावर त्या क्रमांकांची यादी.